पेन्शनीनंतरची चौतीस वर्षे

निरोपसमारंभाचे स्वरूप सर्व प्रांतांत सारखेच असते. शाल, श्रीफळ, एखादे घड्याळ, वरिष्ठांचे चार गौरवपर शब्द, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कोठे जावयाचे हा प्रश्न. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य नोकरीच्या निमित्ताने परप्रांती गेलेले असते. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच अवघड होऊन बसतो. गावचे घर भावकीत वाटले गेलेले, नोकरीचे गाव आपले नव्हे, आणि मुले तिसऱ्याच ठिकाणी. अशा स्थितीत प्रकृतीचा विचार बहुधा पहिल्या दुखण्याबरोबरच सुरू होतो. आमच्या आधीच्या पिढ्यांनी हा काळ कसा काढला, हे एकदा इतिहासाच्या अंगाने पाहावे असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते.

मुळात निवृत्तीनंतरचे दीर्घ आयुष्य ही सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला अलीकडेच आलेली गोष्ट आहे. १९४१ ते १९५१ या दशकात आपल्या देशातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यूंमुळे हा आकडा इतका खाली ओढला गेला होता हे खरे. तथापि प्रौढांचीही स्थिती फारशी निर्धास्त नव्हती. आज तोच आकडा सत्तरीच्या घरात आहे. केंद्र सरकारच्या नोकरांचे निवृत्तीचे वय पूर्वी ५५ होते, ते १९६२ च्या डिसेंबरात ५८ आणि १९९८ साली ६० झाले. म्हणजे सरकारने पाच वर्षे वाढवून दिली, काळाने त्याहून कितीतरी अधिक.

गेल्या शतकापूर्वीच्या पुण्यातील कर्त्या पुरुषांची वये पाहिली म्हणजे मन विषण्ण होते. आगरकर १८९५ साली ३८ व्या वर्षी गेले. गोखले १९१५ साली ४८ व्या वर्षी. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या १६ जानेवारीस गेले तेव्हा त्यांची ५९ वर्षे पुरी होण्यास दोन दिवस उणे होते, आणि हायकोर्टाची नोकरी अजून सुटलेली नव्हती. पेन्शन हा शब्द या मंडळींच्या चरित्रात बहुधा दुसऱ्यांच्या संदर्भातच येतो. दमा, मधुमेह, हृदयविकार यांवर त्या वेळी उपाय तोकडे होते, आणि कामापुढे शरीराकडे पाहणे हा जणू कमीपणा मानला जात होता.

याच काळातील एक दरबारी नोकर मात्र वेगळ्या वाटेने गेला. गोविंद सखाराम सरदेसाई यांचा जन्म १८६५ साली रत्नागिरी जिल्ह्यातला. १८८९ साली ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी वाचक म्हणून राहिले. पुढे राजपुत्रांचे शिक्षक झाले. महाराजांबरोबर परदेशचे प्रवास झाले, फर्माने आली, तातडीची कामे आली. परप्रांतातील नोकरीचे सगळे सुख आणि सगळी गैरसोय त्यांनी छत्तीस वर्षे अनुभवली. या धबडग्यात त्यांनी आपल्यापुरते एक काम लावून घेतले होते. १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ निघाली व त्यानंतर ‘मराठी रियासती’चे भाग निघू लागले. महाराजांना वाचून दाखविण्यासाठी जे वाचावे लागे, त्याची टिपणे हा या ग्रंथांचा पाया. नोकरीतून काढलेल्या वेळाचे व्याज त्यांना पुढे मिळावयाचे होते.

१९२५ साली ते निवृत्त झाले. त्याच सुमारास त्यांचा कर्तबगार मुलगा श्यामकांत हा, जर्मनीत उच्च शिक्षण घेतलेला, ऐन तारुण्यात गेला. साठ वर्षांचा पिता, हातातली नोकरी सुटलेली आणि घर असे उजाड झालेले. माणूस खचावा याला एवढे पुरेसे होते. सरदेसाई खचले की नाही हे आम्ही बाहेरच्यांनी सांगू नये. दिसते ते इतकेच, की १९२९ साली, चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमाल सोडावयास घेतले आणि १९३४ पर्यंत निवडक कागदांचे ४५ भाग छापून काढले. ज्यांनी एकदा तरी जुन्या दप्तराचा रुमाल झाडला आहे, त्यांस या कामातील धुळीची व डोळ्यांच्या शिणाची कल्पना येईल. पुढे सर जदुनाथ सरकार यांच्या जोडीने पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड निघाले. १९४६ ते १९४८ या अवधीत मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत पुरा झाला. त्या वेळी त्यांनी ऐंशी ओलांडलेली होती. १९५९ च्या नोव्हेंबरात ते गेले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीस चौतीस वर्षे झाली होती. नोकरी छत्तीस वर्षांची, पेन्शन चौतीस वर्षांची!

त्यांनी वास्तव्यासाठी निवडलेली जागाही विचार करण्यासारखी आहे. ते बडोद्यास राहिले नाहीत, जन्मगावीही परतले नाहीत. इंद्रायणीकाठचे कामशेत त्यांनी पसंत केले. हवा मोकळी, गाव लहान, आणि मुंबई-पुणे लोहमार्गावरचे स्थानक. पुण्याचे दप्तर, छापखाना आणि वैद्य, तिन्ही गाडीच्या अंतरावर. निवृत्तीनंतर निसर्गरम्य परंतु दुर्गम जागी बंगला बांधणाऱ्या आमच्या मित्रांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. तीतला एकच भाग आम्हांस येथे हवा आहे. हिंगण्यास आश्रम गेला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावे आणि मग चिखल तुडवीत सुमारे चार मैल चालत आश्रमात जावे, असा त्यांचा क्रम होता. ते प्रकृतीसाठी चालत नव्हते. आश्रम त्या वाटेच्या शेवटी होता, एवढेच. १९१४ साली कॉलेज सोडल्यावर १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, एकाहत्तराव्या वर्षी जगप्रवास, शंभरीस भारतरत्न, आणि १९६२ च्या नोव्हेंबरात १०४ व्या वर्षी अंत. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये विश्वेश्वरय्या गेले. तेही शंभरी ओलांडलेले. हे गृहस्थ आमच्या वाचकांच्या उलट, म्हणजे म्हैसूरकडून आमच्या मुलखात येऊन नाशिक, पुणे येथे नोकरी केलेले. मुंबई सरकारची नोकरी त्यांनी पन्नाशीच्या आतच सोडली. ठराविक फेरफटका, मोजका आहार आणि घड्याळाबरहुकूम दिवस हा त्यांचा क्रम पुढच्या अर्धशतकात ढळला नाही. वयाची नव्वदी उलटल्यावर गंगेवरील मोकामाच्या पुलाबाबत त्यांचा सल्ला घेण्यात आला होता. तो पूल १९५९ साली वाहतुकीस खुला झाला.

व्यायामाचा म्हणून स्वतंत्र इतिहास पाहावयाचा तर औंध संस्थानाकडे वळावे लागते. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी प्रथम सँडोच्या साधनांच्या नादी लागले होते. पुढे ती बाजूस सारून त्यांनी सूर्यनमस्कार धरले आणि आपल्या संस्थानातील शाळांत ते चालू केले. १९३८ साली त्यांचे नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. याच औंधात पंडित सातवळेकर होते. हे मूळचे चित्रकार. हैदराबाद, हरिद्वार, लाहोर असा परप्रांतांचा फेरा करून ते औंधास स्थिरावले. १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींमुळे, ऐंशीव्या वर्षी त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले. गुजरातेतील पारडी येथे त्यांनी वेदग्रंथांच्या प्रकाशनाचे काम पुन्हा उभे केले व १९६८ च्या जुलैत, शंभरी पुरी करून, तेथेच देह ठेवला. नमस्कारांचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला.

येथे थोडे सावध झाले पाहिजे. दीर्घायुषी माणसांची चरित्रे लिहिली जातात. तसाच नेम पाळून पन्नाशीत गेलेल्यांची कोणी लिहीत नाही. शिवाय प्रकृती साथ देत नसतानाही काही जणांनी मोठे आयुष्य ओढले आहे. महामहोपाध्याय काणे यांना आतड्याच्या व्रणाची व्यथा होती, आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड त्यांनी १९६२ साली, ब्याऐंशीव्या वर्षी पुरा केला. तेव्हा नमस्कारांनी शंभरी येते असे म्हणणे हा इतिहास नव्हे. या सर्वांत समान आढळते ते हे, की त्यांचे नेम आणि काम नोकरी सुटण्याच्या पुष्कळ आधीपासून अंगवळणी पडलेले होते. साठीनंतर प्रथमच नमस्कार घालावयास निघणाऱ्याने आधी रक्तदाब व गुडघे दाखवून घ्यावेत हे बरे.

आजचे वैद्यक याहून एक गोष्ट अधिक सांगते, आणि ती आमच्या चरित्रग्रंथांत क्वचितच सापडते. म्हातारपणी माणसाला घरातच पडण्याचा धोका फार मोठा असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीपुढील माणसांस आठवड्यास किमान १५० मिनिटे बेताच्या श्रमाच्या हालचालीबरोबर, तीन दिवस तोल व बळ राखणारे व्यायाम सांगितले आहेत. जुन्या वाड्यांतून उभ्या लाकडी जिन्याच्या कडेला एक दोर सोडलेला असे. तो लहानपणी आम्हांस झोके घेण्यासाठी आहे असे वाटे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ तीस वर्षे उत्तरेकडे नोकरी करून निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. तिसऱ्याच महिन्यात, रात्री दिवा न लावता न्हाणीघरात गेले असता, ओल्या फरशीवर पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शेजारी भले, म्हणून वेळेवर उपचार झाले. बरे झाल्यावर त्यांनी पहिले काम केले ते न्हाणीघराच्या भिंतीत लोखंडी दांडी बसविण्याचे, आणि बिछान्यापासून तिथपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवण्याचे. दुसरे काम, आपल्या खात्यातील जुन्या कारभाराच्या आठवणी लिहून काढण्याचे. त्याची प्रकरणे ते आम्हांस टपालाने पाठवितात, आणि पाकीट पेटीत टाकण्यास काठी घेऊन स्वतः जातात. पेटी त्यांच्या घरापासून सुमारे पाऊण मैल आहे. जवळची एक आहे, तीत ते टाकीत नाहीत.