नाक्यावरचा हिशेब

पवईहून मुंबईबाहेर पडायच्या वाटा अनेक. पण ऑक्टोबर २०२४ पर्यंत त्यातल्या प्रत्येक वाटेवर एक नाका ठरलेला होता. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पूर्वेला आले आणि ठाण्याकडे वळले, की मुलुंडचे दोन नाके: एक पूर्व द्रुतगती महामार्गावर, दुसरा लालबहादूर शास्त्री मार्गावर. खाडी ओलांडायची तर ऐरोली किंवा वाशी. पश्चिमेला वळून गुजरातची वाट धरली तर दहिसर. पवईत राहायचे आणि ऐरोलीच्या कंपनीत नोकरी करायची, अशा हजारो लोकांच्या घरखर्चात टोलचा मासिक पास ही ठरलेली बाब होती. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून या पाचही नाक्यांवर मोटारींसारख्या हलक्या वाहनांना टोल माफ झाला. ट्रक आणि इतर जड वाहने मात्र टोल भरतच राहिली.

मुंबईचा नाका नेहमी पवईच्या पलीकडे होता असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पवई होती साष्टीत आणि मुंबई बेट संपत होते शीवला. मध्ये खाडी. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात १७९८ मध्ये शीवचा बांध घालायला सुरुवात झाली आणि १८०५ मध्ये तो पुरा झाला. खर्च वसूल करण्यासाठी त्यावरून जाणाऱ्यांकडून टोल घेतला जाई. म्हणजे साष्टीतला भाजीपाला, गवत किंवा लाकूडफाटा गाडीने मुंबईत न्यायचा, तर पैसे शीवला मोजावे लागत. पुढे शहर उत्तरेकडे वाढत गेले. १९५० मध्ये उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली, १९५७ मध्ये ही हद्द मुलुंड आणि दहिसरला भिडली, आणि वसुलीची जागाही तिकडे सरकली. पवई नाक्याच्या बाहेरून आत आली.

माहीमच्या बांधाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीत नावा उलटून माणसे बुडत. सरकारकडे पैसे नव्हते. तेव्हा जमशेटजी जीजीभाय यांच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली, की या रस्त्यावर कधीही टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये तो रस्ता खुला झाला. ज्या शहराने पुढे जवळजवळ प्रत्येक वेशीवर पैसे घेतले, त्या शहरात एका बाईने सार्वजनिक रस्ता फुकट राहावा म्हणून स्वतःची रक्कम मोजली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

मुंबईच्या बाहेर, घाटावर, हा हिशेब फार जुना आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे; सातवाहनांच्या काळात तांडे त्यात जकात टाकत, असे परंपरेने मानले जाते. शेजारच्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख त्या व्यापारी वाटेचे राजकीय वजन सांगतोच. पण जकातीचा खरा गुंता पाहायचा तर पेशवाईकडे यावे लागते. तेव्हा जकात एका हाताने गोळा होत नसे. महालामहालाची जकात वेगळी, तिचा मक्ता वेगळा, आकारणीची रीत वेगळी. बैलाच्या पाठीवरच्या गोणीवर दर ठरे, आणि तांडा एका मक्त्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरला की पुन्हा थांबणे, पुन्हा मोजणी, पुन्हा घासाघीस.

यावर व्यापाऱ्यांनी काढलेला तोडगा थक्क करणारा आहे. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या तोडग्याची नोंद आहे. व्यापाराच्या प्रत्येक ठिकाणी हुंडेकरी नावाचे लोक असत. एक ठरीव रक्कम घेऊन माल सगळ्या मुलखातून पार करून देण्याची हमी ते घेत. वाटेतल्या सगळ्या जकातींची जबाबदारी त्यांची. कुठल्या मक्तेदाराला किती द्यायचे याचा बंदोबस्त त्यांनी आधीच करून ठेवलेला असे. मालधन्याने पैसे एकदाच मोजायचे आणि निर्धास्त व्हायचे. नाके तितकेच राहिले, दरही तितकेच राहिले. पण ते सगळे एका माणसाच्या पतीवर आणि वहीवर जोडले गेले.

आज काचेवर चिकटलेल्या फास्टॅगचे मूळ लोक चिपमध्ये शोधतात. ते या वहीत आहे. अनेक धन्यांच्या अनेक नाक्यांवर एकाच ठिकाणी भरलेला पैसा चालवणे, आणि मागाहून तो ज्याचा त्याला पोचवणे, हे अवघड काम हुंडेकऱ्याने चिपवाचून केले होते.

ब्रिटिशांनी १८३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातली अंतर्गत जकात मोडीत काढली. रस्त्या-पुलांवरचा टोल मात्र राहिला. १८७५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. आणि गावाच्या वेशीवरची जकात नगरपालिकांच्या रूपाने परत आली. मुंबई महापालिकेची जकात ही तर देशातल्या सर्वात मोठ्या वसुल्यांपैकी एक झाली. शेवटच्या वर्षांत तिचे उत्पन्न सुमारे ७ हजार कोटी रुपयांच्या घरात होते. मुलुंड चेकनाक्याला रात्री ट्रकांच्या रांगा लागत. गाडीत काय आहे, किती आहे, बिल खरे की खोटे, यावर रक्कम ठरायची. कापडाला एक दर, औषधांना दुसरा. मालाची कागदपत्रे घेऊन खिडकी ते खिडकी धावणारे एजंट, पावतीची वाट पाहत केबिनमध्येच झोपलेले ड्रायव्हर, बाजूला चहाच्या टपऱ्या. मुंबईत उतरायचाच नाही असा माल असला, तरी तो शहरातून पार झाल्याचा पुरावा द्यावा लागे.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि हे सगळे एका रात्रीत थांबले. जकातीपोटी राज्य सरकारने महापालिकेला दिलेल्या भरपाईचा पहिला धनादेश ६४७ कोटींचा होता. वेशीवर थांबून माल मोजण्याची शतकांची रीत संपली, पण ‘मुलुंड चेकनाका’ हे बसथांब्याचे आणि पत्त्यातले नाव तसेच राहिले.

टोलचा नाका मात्र त्याच रस्त्यावर उभा होता, कारण त्याचे कूळ वेगळे. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबईत ५५ उड्डाणपूल बांधायचे ठरले आणि त्यांचा खर्च शहरात शिरणाऱ्या वाहनांकडून वसूल करायचा असा निर्णय झाला. त्यासाठी आधार घेतला गेला तो मुंबई मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ च्या कलम २० चा. वसुली खासगी कंत्राटदाराकडे गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोटारीचा दर ४० रुपयांवरून ४५ झाला, तेव्हा लोकांचा राग त्या पाच रुपयांपुरता नव्हता. पूल कधीच बांधून झाले, मग अजून किती वर्षे? हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर नाक्यावर कधीच मिळत नव्हते.

हाच प्रश्न कोल्हापूरने फार जोराने विचारला. शहरातले रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घेऊन शहराच्या वेशींवर नऊ टोलनाके बसवले गेले. रोज भाजी, दूध आणि कामगार घेऊन येणाऱ्या खेड्यांना आपल्याच शहरात शिरायला पैसे पडणार होते. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय आंदोलन उभे राहिले. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. पानसरे यांना हा लढा जिंकलेला पाहता आला नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये कोल्हापूरचा टोल रद्द झाला. त्याच वर्षी जूनपासून राज्यातले १२ टोलनाके कायमचे बंद झाले आणि ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट मिळाली. महाराष्ट्रात टोलचा इतिहास लिहायचा तर निम्मा रस्त्यांचा असेल आणि निम्मा अशा चळवळींचा.

दुसरीकडे तंत्र पुढे सरकत होते, पण तुकड्यातुकड्यांनी. ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला, तेव्हा तिथे गाडीत बसवायच्या उपकरणाने न थांबता टोल भरायची सोय होती. ते उपकरण त्या सेतूपुरतेच. दुसऱ्या नाक्यावर त्याचा उपयोग शून्य. देशात इतरत्रही हीच गत होती: मक्ता वेगळा, यंत्र वेगळे. पेशवाईतल्या तांड्याची अडचण इलेक्ट्रॉनिक रूपात पुन्हा उभी राहिली.

२०१० मध्ये नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने यावर उपाय सुचवला. बॅटरी नसलेला, स्वस्त, रेडिओ लहरींवर चालणारा एकच टॅग सगळ्या राष्ट्रीय महामार्गांवर वापरावा. २०१४ मध्ये अहमदाबाद-मुंबई पट्ट्यात त्याची सुरुवात झाली. पवईच्या गाड्यांचा हा रोजचा रस्ता, म्हणून फास्टॅगची ओळख इथल्या ट्रकवाल्यांना देशातल्या इतर बऱ्याच भागांच्या आधी झाली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो सक्तीचा झाला. टॅग नसेल तर तेव्हा दुप्पट टोल भरावा लागे.

त्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. आरशाच्या मागे, काचेला आतून चिकटवलेल्या कागदासारख्या पट्टीत एक सूक्ष्म चिप आणि धातूची पातळ अँटेना असते. स्वतःची वीज तिच्यात नसते. लेनवरच्या कमानीतला रीडर लहरी सोडतो, त्याच लहरींच्या ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. पुढचे सगळे गाडीच्या बाहेर घडते. नाक्याची बँक तो क्रमांक नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेकडे पाठवते. तिथून तो टॅग देणाऱ्या बँकेकडे जातो. खात्यातून रक्कम वजा होते. चालकाच्या फोनवर संदेश येतो. दिवसाअखेर बँकाबँकांमध्ये देणीघेणी मिटवली जातात. पट्टी फक्त नाव सांगते. हुंडेकरी असतो तो या बँकांच्या जाळ्यात. म्हणूनच खात्यात पैसे नसले किंवा केवायसी राहिली, की चांगली चिपही अडून बसते. मागे हॉर्न वाजू लागतात आणि नाक्यावरचा पोरगा हातातला रीडर काचेला लावून पाहतो.

सीमा ओलांडणाऱ्यांची हीच अडचण जगभर होती. न्यू जर्सीत एडिसनला राहून न्यू यॉर्कला जाणाऱ्या मराठी कुटुंबाच्या गाडीत ई-झेडपास असतो. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या तीन राज्यांतल्या सात टोल संस्थांनी एकत्र येऊन तो आखला आणि १९९३ मध्ये न्यू यॉर्क राज्यात तो सुरू झाला. एक राज्य, एक पूल, एक बोगदा असे करत त्याचे जाळे पसरले. युरोपात इटलीचा टेलिपास शेजारच्या देशांत चालावा म्हणून २००४ मध्ये युरोपीय संघाला स्वतंत्र निर्देश काढावा लागला, आणि तरी तो प्रत्यक्षात यायला बरीच वर्षे गेली. भारतात इतक्या राज्यांतून एकच टॅग चालला, याचे श्रेय मोठे आहे. कागलच्या पुढे कर्नाटकात शिरताना कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्राची गाडी काही वेगळे करत नाही. सीमाभागातल्या माणसाला, ज्याचे शेत एका राज्यात आणि बाजार दुसऱ्या राज्यात आहे, या साधेपणाची किंमत विचारावी.

तरीही सीमा पूर्ण पुसली गेलेली नाही. ती आता रस्त्याच्या मालकीत आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास आणला. सुरुवातीची किंमत ३००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी पुरे होईल ते. एका नाक्यामागे १५ रुपये. पण तो चालतो राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या महामंडळाचा, तिथे तो चालत नाही. अटल सेतू, सागरी सेतू, समृद्धी महामार्ग यांचेही तेच.

पवईहून बेळगावला निघालेल्या कुटुंबाच्या प्रवासात हे स्पष्ट दिसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीचा टोल एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये; तो टॅगच्या शिलकीतून जातो, पास असो वा नसो. पुणे ओलांडले की खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी आणि हत्तरगी. हे सहाही नाके पासात बसतात, सहा फेऱ्या कमी होतात, पैसा एकही जात नाही. चिप तीच, बँक तीच, रस्ताही चालकाच्या दृष्टीने सलग. तरी पहिल्या टप्प्याचा हिशेब एक आणि पुढच्याचा दुसरा.

राज्यानेही १ एप्रिल २०२५ पासून आपल्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा केला आहे, म्हणजे यंत्र जुळले आहे. उरला आहे तो केंद्र आणि राज्य यांच्यातला पैशाचा करार. एका पासात दोघांचे नाके बसवायचे, तर कोणाला किती द्यायचे हे आधी ठरवावे लागेल. तो करार व्हायलाच हवा, आणि त्याचे आकडे लोकांसमोर उघडे असायला हवेत: रस्त्याचा खर्च किती, वसूल किती झाला, किती उरला. कोल्हापूरने मागितले होते ते हेच. दरम्यान गुजरातेत, सुरतेजवळच्या चोर्यासी नाक्यावर गाडी न थांबवता टोल घेणारी, फाटकच नसलेली व्यवस्था बसवण्याचा करार ऑगस्ट २०२५ मध्ये झाला आहे. तो रस्ता दहिसरवरून जाणाराच, २०१४ मध्ये फास्टॅग जिथे सुरू झाला तो.