फिलर घेताय? इंजेक्शननंतरचे पहिले काही तास का महत्त्वाचे असतात?

जुलै २०२५ मध्ये उर्फी जावेदने ओठांमधलं फिलर विरघळवून घेतानाचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. सुजलेल्या चेहऱ्यावर भरपूर मीम्स झाले. पण फिलर चुकीच्या जागी बसलं होतं आणि डॉक्टर पारखून निवडा, हे तिचं म्हणणं त्या गर्दीत मागे पडलं.

गोंदियातून सकाळच्या गाडीने नागपूरला जायचं, फिलर घ्यायचं आणि संध्याकाळी घरी परतायचं, असा बेत लग्नसराईच्या तोंडावर सहज आखता येतो. रेल्वेने अंतर जेमतेम १३० किलोमीटर. पण फिलरमधला सगळ्यात गंभीर धोका नेमका याच काही तासांत समोर येऊ शकतो.

फिलर म्हणजे काय?

त्वचेखाली इंजेक्शनने भरलं जाणारं जेल. ओठ जाड दिसावेत, गाल भरावेत, नाकाचा आकार बदलावा यासाठी ते वापरतात. बहुतेक फिलर हायलुरोनिक ॲसिडचे असतात. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो. त्याचा परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. बोटॉक्स वेगळं. ते स्नायू सैल करतं, जागा भरत नाही.

किती त्रास नेहमीचा?

सूज, लाली, काळंनिळं पडणं, थोडं दुखणं. हे काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत कमी होतं. काहींना गाठी येतात, फिलर वरच्या थरात राहिलं तर त्वचेवर निळसर झाक दिसते. जंतुसंसर्ग होऊ शकतो. काही वेळा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अचानक सूज येते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

मग खरा धोका कुठे?

रक्तवाहिनीत. जेल चुकून धमनीत गेलं किंवा धमनी दाबली गेली, तर पुढच्या त्वचेला रक्त मिळत नाही आणि ती मरू लागते. असं क्वचित होतं, पण झालं तर वेळ कमी असतो.

नाक आणि भुवयांमधल्या भागातल्या धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. इंजेक्शनच्या दाबाने जेल उलटं सरकून तिथवर पोहोचलं, तर दृष्टी जाऊ शकते. रक्त तुटल्यावर रेटिनाचं नुकसान साधारण ६० ते ९० मिनिटांत कायमचं होतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात फिलरनंतर दृष्टीवर परिणाम झालेल्या जगभरातल्या ९८ घटना नोंदवल्या होत्या. सर्वाधिक घटना भुवयांमधल्या भागात इंजेक्शन घेतल्यानंतरच्या होत्या, त्याखालोखाल नाकातल्या.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- त्वचा अचानक पांढरी पडणं
- जाळीसारखे जांभळे-निळे डाग
- वाढत जाणारी तीव्र वेदना (फिलरमध्ये भूल मिसळलेली असेल तर सुरुवातीला दुखणं जाणवणारही नाही)
- धूसर दिसणं, पापणी लोंबणं, तीव्र डोकेदुखी, बोलताना अडखळणं

बर्फ लावू नका, त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. डॉक्टरांना लगेच फोन करा, फोटो पाठवा. दिसण्यात किंवा बोलण्यात फरक पडला तर थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा आणि फिलर घेतल्याचं आधी सांगा.

यावर उतारा आहे का?

हायलुरोनिक ॲसिडच्या फिलरवर आहे. हायलुरोनिडेज नावाचं एन्झाइम ते विरघळवतं. ते जितक्या लवकर दिलं जाईल तितकी त्वचा वाचण्याची शक्यता जास्त. गेलेली दृष्टी मात्र त्यानेही परत येईलच असं नाही. मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, या औषधाचीही रिॲक्शन येऊ शकते. कॅल्शियमच्या किंवा कायमस्वरूपी फिलरवर हा उतारा चालत नाही.

इंजेक्शन कोण देऊ शकतं?

नोंदणीकृत आणि या कामाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर. पार्लरमध्ये फिलर घेऊ नका. ऑनलाइन मिळणारं सुई नसलेलं ‘हायलुरॉन पेन’ही नको. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला आहे.

जाण्याआधी काय विचारायचं?

- डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत आहे का? वेबसाइटवर शोधता येतं.
- फिलर कोणतं? बॉक्स समोर उघडा, लेबलचा फोटो काढून ठेवा.
- हायलुरोनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता आहे का? ‘लागलं तर मागवू’ हे उत्तर पुरेसं नाही.
- रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल?

बाहेरगावी जात असाल तर सकाळची वेळ घ्या, लगेच परतीची गाडी पकडू नका. जमलं तर रात्री तिथेच थांबा. गाडी तुमसर रोडला पोहोचेपर्यंत ओठ जांभळा पडू लागला तर कुणाला फोन करायचा आणि कुठे जायचं, हे गाडीत बसण्याआधी ठरलेलं हवं.