स्वयंचलित सुकाणू आणि शिडांचा समतोल : ‘सुहैली’च्या जगप्रदक्षिणेच्या संदर्भात

प्रस्तावना :
सागरी इतिहासात नाविकाच्या धाडसाची नोंद होते. नौकेच्या गुणांची आणि ती घडविणाऱ्या कारागिरांची सहसा होत नाही. एकट्याने केलेल्या सफरीत ही उणीव विशेष जाणवते. कारण नाविक झोपला असता नौका आपला मार्ग कसा राखते, यावरच सफरीचे यश अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’च्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

विवेचन :
सागवानी लाकडाची, ३२ फूट लांबीची ही दोन डोलकाठ्यांची नौका १९६४ मध्ये पाण्यात उतरली. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून इंग्लंडमधील फॅल्मथ बंदर सोडले व ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ते तेथेच परतले. एकट्याने, कोठेही न थांबता केलेली ही पहिली जगप्रदक्षिणा होय. वाऱ्यावर चालणारे तिचे स्वयंसुकाणू ऑस्ट्रेलियाच्या परिसरात निकामी झाले. पॅसिफिक महासागर व केप हॉर्न अद्याप पुढेच होते. तेव्हा शिडांचा ताण जुळवून व सुकाणू बांधून ठेवून त्यांनी नौकेलाच मार्ग राखावयास लावले.

हेच तत्त्व आजच्या विजेवरील स्वयंचालकासही लागू पडते. होकायंत्राने दर्शविलेला फरक पाहून हे यंत्र सुकाणू वळविते. मुख्य शीड वाजवीपेक्षा अधिक उभारलेले असल्यास नौका कलते व तिची नाळ वाऱ्याकडे वळू पाहते. मग यंत्राला सुकाणू सतत तिरके धरावे लागते. पाण्याचा विरोध वाढतो, वेग घटतो आणि बॅटरी व्यर्थ खर्च होते. यावरील पहिला उपाय यंत्रात नसून वेळीच शीड आखडण्यात आहे.

२००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण केली, असे करणारे ते पहिले भारतीय होत. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी यांनी वापरलेली ‘थुरिया’ ही ‘सुहैली’ची प्रतिकृतीही गोव्यातच घडली.

निष्कर्ष :
यंत्र समतोल निर्माण करीत नाही. असलेला समतोल ते केवळ राखते. तो साधण्याचे ज्ञान कोकणातील तांडेल व सुतार यांच्या हातांत होते. यांत्रिक होड्यांच्या प्रसारानंतर ते झपाट्याने विरत आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वृद्ध जाणकारांकडून ते वेळीच नोंदवून घेणे, हे येथील महाविद्यालयांतील इतिहास व पदार्थविज्ञान विभागांचे संयुक्त कर्तव्य ठरते.