अपेंडिक्सचं ऑपरेशन: पोट उघडणं सोपं, बंद करणं अवघड!

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण आजची गोष्ट पोट उघडून परत बंद करण्याची आहे.

सुरुवात 1735 ची. लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलात क्लॉडियस अमियांड नावाच्या सर्जनने 11 वर्षांच्या मुलाचा हर्निया उघडला. आत सापडलं अपेंडिक्स आणि त्यात रुतलेली एक टाचणी! त्याने अपेंडिक्स काढलं. अपेंडिक्स काढल्याची ही पहिली नोंद. तेव्हा भूल नव्हती हं. तरी पोरगा वाचला.

पण दुखण्याचं मूळ अपेंडिक्स आहे, हे नीट मांडायला 1886 उजाडलं. बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने सांगितलं, लवकर ओळखा, लवकर ऑपरेशन करा. मग प्रश्न आला, कापायचं कसं?

उत्तर 1894 मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नीने दिलं. बघा, पोटाच्या उजव्या बाजूला स्नायूंचे तीन थर असतात आणि प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेने जातात. मॅकबर्नी म्हणाला, स्नायू कापूच नका, धाग्यांच्या दिशेने नुसते बाजूला सारा. काम झालं की थर आपापल्या जागी परत येतात, एकमेकांवर आडवे-तिडवे बसतात. त्यामुळे नंतर तिथे हर्निया होण्याची भीती कमी. म्हणजे चांगलं बंद होणं हे कसं उघडलं यावरच ठरतं. शिकागोच्या लुईस मॅकआर्थरलाही हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती.

आता टाके. जोसेफ लिस्टरने 1869 च्या सुमारास जंतुनाशकात भिजवलेला कॅटगट वापरात आणला. नावात मांजर असलं तरी धागा मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याचा! तो शरीरात विरघळतो, म्हणून आतले टाके काढावे लागत नाहीत. 1970 च्या आसपास कृत्रिम विरघळणारे धागे आले आणि कॅटगट मागे पडला.

पण प्रत्येक जखम लगेच शिवायची नसते. 24 जून 1902, राज्याभिषेकाला दोन दिवस उरलेले आणि इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड पोटदुखीने आडवा. फ्रेडरिक ट्रीव्हजने राजवाड्यातच ऑपरेशन केलं. सल्ल्याला लिस्टरही होता. ट्रीव्हजने अपेंडिक्स काढलंच नाही. पू बाहेर काढला आणि निचऱ्याला वाट ठेवली. 46 दिवसांनी, 9 ऑगस्टला, राजाच्या डोक्यावर मुकुट होता. पू आत ठेवून वरून टाके घातले तर आत गळू होतं. म्हणून फार दूषित जखमेची त्वचा चार-पाच दिवस उघडी ठेवून मग शिवायची पद्धत रुळली. आज अँटिबायोटिक्समुळे फुटलेल्या अपेंडिक्सनंतरही अनेकदा त्वचा लगेच शिवतात. ते सर्जन आतली अवस्था बघून ठरवतो.

आणि शेवटचा भाग, रिकव्हरी. पूर्वी टाके उसवतील या धास्तीने पेशंटला आठवडे-आठवडे झोपवून ठेवायचे. शिकागोच्या एमिल रीसने 1899 मध्येच सांगितलं, लवकर उठवा. कोण ऐकतंय! 1941 मध्ये डेट्रॉइटच्या डॅनियल लीटहाउझरने तेच पुन्हा मांडलं, दुसरं महायुद्ध आलं, खाटा कमी पडल्या, आणि मग डॉक्टरांना पटलं. टाके उसवले नाहीत. उलट पडून राहिल्यानेच पायात रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ साठतो.

आपल्याकडे मात्र अजून घरोघरी ऐकू येतं, "हलू नकोस, टाके तुटतील!" काळजीपोटीच म्हणतात, पण ती काळजी सव्वाशे वर्षं जुनी आहे. तेव्हा डॉक्टर "चला, उठा" म्हणाले की आजी-मावशीला ही गोष्ट ऐकवा आणि पेशंटला हात द्या. जड उचलणं मात्र डॉक्टर सांगतील तोवर बंद. जखम लाल झाली, पू आला, ताप चढला, तर थेट दवाखाना. आणि बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, तर पेनकिलर घेऊन सकाळची वाट बघू नका.

भेटू पुढच्या भागात!