वेग आणि गुण यांची सोयरीक

‘लीन सिक्स सिग्मा’ या जोडनावाने कारखान्यांपासून बँकांपर्यंत सर्वत्र जी कार्यपद्धती आज रूढ झाली आहे, तिचे जन्मवर्ष विचारले तर 2002 हे साल पुढे केले जाते. कारण त्या वर्षी मायकेल जॉर्ज या अमेरिकन सल्लागारांचा त्याच नावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वेग वाढविणारी एक विद्या व दोष घटविणारी दुसरी, अशा दोन परक्या घराण्यांचा विवाह लागल्याची द्वाही फिरली. कुळे जरा खोलात जाऊन तपासली, तर मात्र ही घराणी एकमेकांना परकी होती असे म्हणवत नाही.

वेगाचे घराणे मूळचे विणकराचे. जपानातील एका सुताराचे पुत्र साकिची तोयोदा यांनी उभा जन्म मागाच्या सुधारणेत घालविला आणि 1924 साली, चिरंजीव किइचिरो यांच्या साहाय्याने, चालता असतानाच आपला धोटा आपण बदलून घेणारा स्वयंचलित माग सिद्ध केला. माझ्या मते त्या मागाची थोरवी त्याच्या चालण्यापेक्षा थांबण्यात अधिक होती. ताण्याच्या प्रत्येक सुताने धातूची एकेक पातळ पट्टी तोलून धरलेली असे. सूत तुटले की पट्टी खाली पडे आणि माग जागच्या जागी थबके. त्यामुळे सदोष कापड विणले जाण्याचे टळे ते टळेच. शिवाय सूत तुटते की काय म्हणून मागापुढे डोळे लावून उभे राहण्याच्या चाकरीतून सुटलेला एकच कामगार डझनावारी माग सांभाळू शके. दोष अडविला म्हणून वेग वाढला, असा हा उफराटा वाटणारा हिशेब होता. 1929 साली या मागाचे हक्क ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने, म्हणजे जिची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांतही खडखडत होती त्याच विलायती कंपनीने, विकत घेतले. पुढे तोयोदा कुटुंब मोटारींच्या धंद्यात उतरल्यावर, त्यांच्याच कापडगिरणीतून आलेल्या ताइइची ओनो यांनी हाच न्याय मोटारींना लावला आणि पुढच्याने चिठ्ठी पाठविल्यावाचून मागच्याने एक सुटा भागही तयार करू नये, असा दंडक घातला.

गुणाचे घराणे अमेरिकेतले, आणि योगायोग असा की त्याचाही आरंभ 1924 सालचाच. त्या वर्षीच्या 16 मे रोजी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना जेमतेम पानभर टिपण सादर केले. त्यात एक आलेख होता. मालातील कमीजास्तपणा ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर तो स्वाभाविक समजून कारखान्याला उगाच छेडू नये, मर्यादा ओलांडील तर मात्र कारण हुडकल्यावाचून राहू नये, एवढेच त्याचे मर्म. हेच शूहार्ट 1947-48 च्या हिवाळ्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानातही येऊन गेले होते. शूहार्ट यांची विद्या त्यांचे अनुयायी एडवर्ड्स डेमिंग यांनी 1950 साली जपानला नेली. डेमिंग यांच्या नावाने तिथे पारितोषिक सुरू झाले आणि 1965 साली ते तोयोदा कुटुंबाच्या मोटार कंपनीला, म्हणजे टोयोटाला, मिळाले. सोयरीक जुळली म्हणावयाची ती येथे!

अमेरिकेला याची खबर उशिरा लागली, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. मोटोरोला कंपनीने 1974 साली आपला दूरदर्शन-संचांचा कारखाना मात्सुशिता या जपानी कंपनीला विकला, तेव्हा कामगार बहुतांशी तेच असूनही दोषांचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढे मोटोरोलातीलच बिल स्मिथ यांच्या ध्यानात आले की, जे नग कारखान्यातच बिघडलेले सापडून दुरुस्त केले जातात, तेच गिऱ्हाइकाच्या घरी लवकर बंद पडतात. म्हणजे तपासनीस वाढवून भागणार नाही, मुळात चूकच होऊ नये. यातून 1986 च्या सुमारास सिक्स सिग्मा उदयास आली. दहा लाख संधींमागे 3.4 दोष ही तिची प्रसिद्ध मर्यादा काटेकोर गणिताने साडेचार सिग्मांचीच, म्हणजे साडेचार प्रमाण-विचलनांचीच, आहे, उरलेले दीड काळाच्या ओघात होणाऱ्या घसरणीपोटी सूट म्हणून धरलेले आहेत. पण जाहिरातीत ही सूट कोण सांगतो? टोयोटाच्या पद्धतीला ‘लीन’ हे नाव जॉन क्राफसिक यांनी 1988 साली दिले. अशा रीतीने एकाने वेग उचलला, दुसऱ्याने गुण उचलला, आणि दोघांच्या वारसांना एकत्र आणण्यासाठी पुढे सल्लागारांना मोबदला द्यावा लागला.

तथापि जॉर्ज यांच्या पदरी एक श्रेय घातलेच पाहिजे: ही विद्या त्यांनी कारखान्यातून कचेरीत नेली. कर्जाचा अर्ज एकंदर किती दिवस दप्तरात राहिला आणि त्यांपैकी प्रत्यक्ष काम त्यावर किती वेळ झाले, याचे गुणोत्तर काढावयास त्यांनी शिकविले. ते काढू लागले की दिसते, अर्जाचे बहुतेक आयुष्य कोणाच्या तरी मेजावर शेऱ्याची वाट पाहण्यात जाते. आणि कारकुनाच्या आळसावर ठपका ठेवण्यापूर्वी कागद उलटून पाहावा, तर कित्येकदा एखादा दाखला जोडावयाचा राहिलेला असतो, एखादा आकडा चुकलेला असतो, आणि तेवढ्यापायी तो अर्ज मागच्या मेजाकडे परत जाऊन पुन्हा रांगेच्या शेवटी लागलेला असतो.