जुने व्हिडिओ गेम उतरवून घेणे : कायदा, नीती व जतन

विक्रीतून गेलेल्या किंवा ज्यांची यंत्रे आता बनत नाहीत अशा व्हिडिओ गेमची प्रत इंटरनेटवरून उतरवून ती संगणकावर वा फोनवर खेळण्याची रीत. अशा प्रतीला ‘रॉम’ म्हणतात आणि मूळ यंत्राचे काम संगणकाकडून करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘एम्युलेटर’ म्हणतात. गेम दुकानात मिळेनासा झाला की तो सर्वांचा झाला, असा समज रूढ आहे. भारतीय कायद्यात त्याला आधार नाही. पण हाच गेम रीतसर सांभाळून पुढच्या पिढीच्या हाती देऊ पाहणाऱ्या ग्रंथालयालाही कायद्याने पुरेशी वाट ठेवलेली नाही. प्रत वेळेवर केली नाही तर काय गमवावे लागते, याचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका दाखला नाशिकचा, म्हणजे चित्रपटकार दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांच्या रिळांचा आहे.

पार्श्वभूमी. जपानच्या निन्टेंडो कंपनीने 1983 मध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र आणले. महाराष्ट्रातील घरांत 1990 नंतर पोचले ते बहुतांशी त्याचे परवान्याविना बनवलेले नमुने. त्यांना सरसकट ‘टीव्ही गेम’ म्हणत. अधिकृत यंत्रेही आली; सेगाचे ‘मेगा ड्राइव्ह’ 1995 मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात विकले जाऊ लागले, पण मध्यमवर्गीय घराला ते परवडणारे नव्हते. गेमच्या डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यात फीत नसे. बोटभर जाडीचे पिवळे वा काळे प्लास्टिक, वर ‘9999 इन 1’ असे छापलेले लेबल, खालच्या फटीत पितळी रंगाच्या पट्ट्यांची रांग. डबी उघडली तर आत हिरवी पाटी आणि तिच्यावर काळ्या राळेचा एक थेंब. गेम त्या थेंबाखालच्या चिपमध्ये असे. यादीत हजारो नावे दिसली तरी प्रत्यक्षात थोडेच गेम वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून येत. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारण्याची सवय सर्वत्र होती. त्या दमट हवेने पट्ट्या गंजतात.

भारतातील कायदा. या विषयाला कॉपीराइट म्हणजे स्वामित्वहक्क अधिनियम, 1957 लागू होतो. 1984 च्या दुरुस्तीपासून संगणकीय प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’ गणला जातो. म्हणजे कायद्याच्या नजरेत गेमचा प्रोग्रॅम कादंबरीच्या पंक्तीत बसतो. त्यातील चित्रे आणि संगीत यांना वेगळे संरक्षण आहे. परदेशी कृतींना हे संरक्षण आंतरराष्ट्रीय करारांमुळे भारतातही मिळते.

साहित्यकृतीची मुदत लेखकाचे आयुष्य अधिक 60 वर्षे. निनावी कृतीची प्रकाशनानंतर 60 वर्षे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ 1985 चा आहे आणि त्याचे कर्ते शिगेरू मियामोतो हयात आहेत. मुदत सर्वांत कमी, म्हणजे प्रकाशनापासून, मोजली तरी ती 2045 अखेर संपते. ‘कॉन्ट्रा’ 1987 चा. त्याचा हिशेब 2047 वर जातो. फॅमिकॉमवरील एकाही गेमची मुदत अद्याप संपलेली नाही. ‘अबँडनवेअर’, म्हणजे मालकाने सोडून दिलेले सॉफ्टवेअर, हा शब्द खेळणाऱ्यांचा आहे, कायद्याचा नाही. हक्क सोडायचा तर कलम 21 प्रमाणे तसे कॉपीराइट निबंधकाला कळवावे लागते किंवा जाहीर करावे लागते. मालकाचे मौन हा त्याग ठरत नाही.

कलम 52 मध्ये सवलती आहेत. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती नष्ट होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत करता येते. स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून खासगी, बिनव्यापारी वापरासाठीही प्रत करता येते. म्हणून स्वतःच्या अस्सल कॅसेटमधून स्वतः काढलेली रॉम या सवलतीत बसते, असे म्हणता येते. तोच गेम इंटरनेटवरून उतरवला तर ती प्रत दुसऱ्याच्या प्रतीवरून झालेली असते. तिला ही सवलत लागू होईल असे कलमाच्या शब्दांवरून दिसत नाही.

महाराष्ट्रातील वाचकासाठी याहून महत्त्वाची बाब वेगळी आहे. ‘मी तेव्हा कॅसेट विकत घेतली होती’ हा युक्तिवाद येथे सर्रास केला जातो. पण ‘9999 इन 1’ ही कॅसेट मुळातच विनापरवाना होती. घेणाऱ्याने खरे पैसे मोजले, दुकानदाराने ती उघड्यावर विकली, तरी तिच्यातून कायदेशीर प्रत हाती आली नाही. एका अख्ख्या पिढीचा खेळाशी पहिला परिचय अशा नकलांतून झाला. तो दोष त्या मुलांचा नव्हता. अस्सल माल त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

शिक्षा. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास कलम 63ब प्रमाणे किमान 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी वा व्यवसायात नसेल तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कैद वगळू शकते आणि 50 हजारांपर्यंत दंड करू शकते. 2012 मध्ये आलेल्या कलम 65अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने नक्कल रोखणारी तांत्रिक कुलूपबंदी फोडणे हाही गुन्हा आहे.

एम्युलेटर. स्वतंत्रपणे लिहिलेला एम्युलेटर बाळगणे हा भंग नाही. यंत्राच्या मूळ अंतर्गत सॉफ्टवेअरची नक्कल मात्र भंग ठरू शकते.

ग्रंथालये. कायद्यातील खरी उणीव येथे आहे. एखादे पुस्तक भारतात विक्रीस नसेल तर बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय आपल्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करू शकते. ही सवलत पुस्तक, पुस्तिका, नकाशे, संगीतलिपी यांपुरती आहे. जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची मुभा 2012 मध्ये मिळाली, पण अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची ‘अडिजिटल’ प्रत आधीपासून असावी. कॅसेट, फ्लॉपी, सीडी या स्वभावतःच डिजिटल. परिणामी 1840 मध्ये स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आपल्या कपाटातील जीर्ण पोथी स्कॅन करून ठेवू शकते. तेथे कोणी फ्लॉपीवरचा गेम भेट दिला तर त्याच कलमाचा आधार त्याला मिळत नाही. आणि फ्लॉपीचे चुंबकत्व कागदापेक्षा कितीतरी आधी उतरते.

कर्ता किंवा मालक सापडत नसेल तर कलम 31अ प्रमाणे सक्तीचा परवाना मागता येतो. त्यासाठी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो. बुडालेल्या कंपन्यांच्या गेमसाठी हा मार्ग तत्त्वतः खुला आहे.

इतर देश. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीनुसार तेथे 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के बाजारात उपलब्ध नाहीत. त्याच वर्षी 27 मार्चला निन्टेंडोने थ्रीडीएस व वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. ग्रंथालयांनी अभ्यासकांना जुने गेम दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने 2024 मध्ये नाकारली. उलट बाजूने, आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’चा प्रोग्रॅम-स्रोत (सोर्स कोड) 1997 मध्ये खुला केला आणि जॉर्डन मेकनर यांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा 2012 मध्ये.

नाशिकचा दाखला. फाळके (1870–1944) यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, मृत्यू नाशिकचा. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड व काम नाशिकला हलवले. 1918 मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी तेथे उभी राहिली. चित्रपट त्या काळी नायट्रेट फिल्मवर असत. बंद डब्यात ही फिल्म आधी चिकट होते, मग फेसाळते आणि शेवटी तिची तांबूस भुकटी उरते. ती पेटतेही चटकन. जुन्या रिळांतून चांदी काढून घेण्याचाही धंदा होता.

पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले तोवर बरेच काही गेले होते. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके यांच्या कुटुंबीयांकडून उरलेली रिळे मिळवली आणि फाळके यांच्या टिपणांच्या आधारे ‘कालिया मर्दन’चे (1919) तुकडे जुळवले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच आज आहे. ती रिळे मूळ 1913 ची की 1917 च्या पुनर्निर्मितीची, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची (1931) तर एकही प्रत उपलब्ध नाही.

येथे अडसर कायद्याचा नव्हता, दुर्लक्षाचा होता. पण धडा लागू पडतो : फाळके यांच्या चित्रपटांवर आज कोणाचा हक्क उरलेला नाही, ते सर्वांचे आहेत, आणि त्यांतले बहुतेक अस्तित्वातच नाहीत. हक्काची मुदत संपण्याआधी प्रत संपली तर मुदत संपून हाती काही येत नाही. चिपचे आयुष्य 2045 पर्यंत पुरेल याची हमी कोणी दिलेली नाही.

नीतिविषयक भूमिका. कंपन्यांचे म्हणणे असे की जुने गेम पुन्हा विकता येतात आणि फुकट प्रती त्या विक्रीला मारक ठरतात. हे म्हणणे खरे आहे, पण जे गेम त्या पुन्हा आणतात त्यांच्यापुरतेच. विक्रीत असलेला गेम फुकट उतरवणे अयोग्य, यात दुमत नसावे. 2008 पासून चालणाऱ्या जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानात अनेक जुने गेम थोड्या पैशांत रीतसर मिळतात. जो गेम कोणीच विकत नाही त्याच्या बाबतीत उतरवणाऱ्याकडून मालकाचे होणारे नुकसान दाखवणे कठीण आहे, तरीही भंग तो भंगच. रॉमची संकेतस्थळे जाहिरातींवर पैसा करतात आणि त्यांना जतनकर्ते म्हणणे योग्य नाही. जतनाचे काम ग्रंथालयांचे आहे. पुस्तकांना मिळालेली सवलत गेमना मिळाली तर ते त्यांना उजळ माथ्याने करता येईल.

भारतीय गेम. मुंबईच्या इंडियागेम्सचे (स्थापना 1999) जुन्या बटनांच्या फोनवरील गेम प्रत संपण्याच्या याच संकटात आहेत.

घरच्या घरी. जुनी कॅसेट घरात असेल तर तिच्यात फुंकर मारू नये. पट्ट्या शुद्ध स्पिरिटने पुसून ती कोरड्या जागी ठेवावी. खोके व माहितीपत्रक टाकू नये. कोणत्या साली, कोणत्या गावी, किती रुपयांना घेतली, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. या नकलांच्या कारखानदारांनी आपली नावे मागे ठेवलेली नाहीत. त्या काळच्या महाराष्ट्रातील खेळाचा लेखी पुरावा म्हणून ती चिठ्ठीच उरणार आहे, आणि ती लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही.