एक गिटार आणि दोन कर्णे



गेल्या वर्षी आमच्या कचेरीत एक तरुण गिटारवादक आला. एका स्टुडिओत त्याने एक भाग एकदाच वाजवला. मालकाने संगणकावर त्याची नक्कल काढून एक डाव्या व एक उजव्या कर्ण्यात ठेवली आणि दुसऱ्यांदा वाजवण्याचा मेहनताना वाचवला. "काका, मालक म्हणतात, दोन गिटारी झाल्याच की!" दोन खरोखरच झाल्या काय, हे आज आम्ही इतिहासाला विचारणार आहोत.

एकाच वादकाने तोच भाग पुन्हा वाजवून पहिल्याला जोड देणे, यास डबल ट्रॅकिंग म्हणतात. त्याची वाट ज्यांनी पाडली, त्यांत अमेरिकेतील लेस पॉल अग्रभागी होते. १९४८ साली निघालेल्या त्यांच्या 'लव्हर' या ध्वनिमुद्रिकेत आठ गिटारी ऐकू येतात, वाजवणारा एकटाच. एक भाग तबकडीवर कोरायचा, ती लावून तिच्या साथीने दुसरा वाजवायचा, आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घ्यायचे. यंत्राने आवाज साठवला खरा, पण प्रत्येक भागाला हात माणसाचाच लागला.

त्याच १९४८ साली अमेरिकन वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर दुसऱ्यांदा बहिष्कार घातला होता. पहिला बहिष्कार १९४२ ते १९४४ चा. अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांची तक्रार साधी होती: तबकडी उपाहारगृहांत आणि रेडिओवर वाजत राहते, आणि वादक घरी बसतो. अखेर कंपन्यांनी तबकड्यांच्या विक्रीतून बेकार वादकांसाठी निधी देणे कबूल केले. आमच्या मुंबईतही १९२८ साली साचेखात्यातील विणकरास दोनांऐवजी तीन साचे सांभाळावयास लावण्याचा प्रश्न पेटला, आणि गिरण्या महिनोन् महिने बंद राहिल्या. दोन्हीकडे भांडण यंत्राशी नव्हते. यंत्राने वाचवलेल्या श्रमाचे मोल कोणाच्या खिशात जावे, याचे होते.

लेस पॉलच्या त्या आठही गिटारी एकाच कर्ण्यातून येत. ते मोनो ध्वनिमुद्रण. इंग्लंडात ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ सालीच दोन वाहिन्यांच्या, म्हणजे स्टिरिओ, ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण तशा तबकड्या घरोघरी पोचू लागल्या त्या १९५८ च्या सुमारास. स्टिरिओचे मर्म आपल्या दोन कानांत आहे. दोन्ही कर्ण्यांतून तंतोतंत एकच आवाज आला, तर मेंदू त्यास मधोमध उभा असलेला एकच वादक समजतो. नक्कल केल्याने आवाज मोठा होतो, रुंद होत नाही. माणूस दुसऱ्यांदा वाजवतो तेव्हा तार छेडण्याची वेळ आणि बोटाचा दाब केसभर बदलतो. त्या केसभर फरकानेच दोन वादक उभे राहतात.

१९६६ साली लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी गायकाचे दुसऱ्यांदा गाणे वाचवणारी युक्ती काढली. दुसऱ्या टेपयंत्रावरून तोच आवाज किंचित उशिरा आणायचा आणि त्या यंत्राची गती जराशी डळमळती ठेवायची. पाहा, यंत्रालाही माणसाचा कमीजास्तपणा उसना घ्यावा लागला!

आता अँप्लिफायर पेटीत नसून संगणकात असतो. १९९८ साली 'अँप फार्म' आले आणि असे प्लगिन स्टुडिओत रुळू लागले. ते मोनो लावावे की स्टिरिओ? प्रत्येक टेकला स्वतंत्र मोनो अँप्लिफायर द्यावा आणि एक टेक डावीकडे, दुसरा उजवीकडे ठेवावा, ही वाट सरळ. दोन्ही टेक एकाच स्टिरिओ प्लगिनमधून नेले, तर काही प्लगिन दोन्ही बाजू वेगळ्या राखतात. काही मात्र आत शिरताच त्या एकत्र करतात. मग डावे-उजवे तर जातेच, शिवाय दोन गिटारी एकाच अँप्लिफायरमध्ये फाटतात, आणि त्या झगड्यातून कोणीही न वाजवलेले सूर उपजून सारे गढूळ होते. एकाच टेकला स्टिरिओ प्लगिन लावले, तर त्यातील प्रतिध्वनीने तो पसरलेला भासतो. पण ती एकाच वादकाची सावली, दुसरा वादक नव्हे.

आम्ही त्या मालकाकडे गेलो आणि नक्कल व खरा दुसरा टेक, दोन्ही ऐकावयास लावले. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि खरा टेक ठेवला. त्याच्या पैशांची बोलणी अजून चालू आहेत.